शैक्षणिक कर्ज कमी पडतंय? वरच्या पैशांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जून ते सप्टेंबर या काळात माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या हातात बहुतेक वेळा एकच कागद असतो, बँकेचं मंजुरीपत्र. पुढच्या बाजूला बँकेने मंजूर केलेला आकडा असतो आणि मागच्या बाजूला पेनाने केलेली वजाबाकी. त्या वजाबाकीचं उत्तर कुठून आणायचं, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. मी सरकारी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली आणि आता निवृत्त आहे. तेव्हा टेबलाच्या पलीकडून हे प्रश्न ऐकायचो, आता अलीकडून ऐकतो. वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत.

कर्ज तर मंजूर झालं होतं. मग पैसे कमी का पडले?

बहुतेक वेळा याचं कारण अर्जाच्या दिवशीच घडलेलं असतं. एक उदाहरण सांगतो, आकडे जरा गोल केलेत. वडील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला. अर्जासोबत त्यांनी कॉलेजचं फीपत्रक जोडलं, वर्षाला १,६०,००० रुपये. बँकेने चार वर्षांचे ६,४०,००० धरले, त्यातलं ५ टक्के मार्जिन, म्हणजे तुम्ही स्वतः घालायची रक्कम, वजा केलं आणि ६,०८,००० मंजूर केले. हिशोब चोख.

पण त्या मुलाला पुण्यात राहायचं होतं, जेवायचं होतं. वसतिगृह आणि मेस मिळून वर्षाला १,१०,०००. लॅपटॉप ५५,०००. दुसऱ्या वर्षापासून फी १,७२,००० होणार असल्याचं पत्र कॉलेजने दिवाळीआधीच दिलं. सगळं मिळून गरज होती ११,७१,००० रुपयांची, म्हणजे ५,६३,००० कमी पडत होते. यातला एकही खर्च अचानक आलेला नव्हता. कागदावर लिहिला नव्हता, एवढंच.

वसतिगृह, मेस, परीक्षा शुल्क, पुस्तकं, उपकरणं, संगणक, प्रोजेक्ट आणि अभ्याससहलीचा खर्च, कॉलेजची परत मिळणारी अनामत (तिला मर्यादा असते) हे सगळं शैक्षणिक कर्जात बसतं. इंडियन बँक्स असोसिएशनच्या ज्या नमुना योजनेवर बहुतेक बँकांच्या योजना बेतलेल्या आहेत, तिच्यातच हे लिहिलेलं आहे. पण बँकेचा माणूस स्वतःहून विचारेलच असं नाही. समोर जे फीपत्रक येतं तेवढ्याचंच गणित तो करतो. मीही तेच करायचो, खोटं कशाला सांगू.

मग आता ते वाढवून मिळतं का?

मिळतं. आणि दुसरं कोणतंही दार ठोठावण्याआधी याच दाराशी जा. तुमचं खातं तिथे आहे, कागद तिथे आहेत, सहकर्जदाराची (मुलासोबत कर्जावर सही करणाऱ्याची, बहुतेक वेळा पालकाची) ओळख पटलेली आहे, व्याजदरही शैक्षणिक कर्जाचाच लागतो. बँकेच्या भाषेत याला ‘एन्हान्समेंट’ म्हणतात. काउंटरवर ‘टॉप-अप पाहिजे’ म्हणालात तर कधी कधी घरकर्जाच्या टेबलाकडे पाठवतात. म्हणून ‘चालू शैक्षणिक कर्जाची मर्यादा वाढवायची आहे’ असंच म्हणा.

साध्या कागदावर शाखाधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज लिहा. सोबत कॉलेजच्या लेटरहेडवर संपूर्ण अभ्यासक्रमाचा वर्षवार खर्च, वसतिगृह आणि मेससकट, सही-शिक्क्याचा. कॉलेजचं स्वतःचं वसतिगृह नसेल तर बाहेरच्या खोलीचा भाडेकरार आणि मेसचालकाची पावती जोडा. काही शाखा ती घेतात, काही कॉलेजकडूनच अंदाजपत्रक मागतात. आतापर्यंतच्या सत्रांच्या गुणपत्रिका लागतात. एखाद-दुसऱ्या एटीकेटीने कर्ज अडत नाही, पण वर्ष वाया गेलं असेल तर प्रश्न विचारले जातात. सहकर्जदाराचा सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीचा गुणांक, पुन्हा पाहतात. मधल्या काळात वडिलांचा गाडीचा हप्ता तीनदा थकला असेल तर तो इथे उगवतो.

वेळ फार महत्त्वाची. हा अर्ज एप्रिल-मेमध्ये द्या. जुलैत नवीन प्रवेशांची झुंबड असते आणि तुमची फाइल गठ्ठ्याच्या तळाशी जाते. ही नव्याने मंजुरीच असते, नवा करार आणि नवा स्टॅम्प होतो. दोन-चार आठवडे सहज जातात.

४ लाख आणि साडेसात लाख या आकड्यांचं एवढं काय?

वाढीव रक्कम मागताना हे दोन आकडे डोळ्यांसमोर हवेतच. ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मार्जिनही लागत नाही. ४ लाखांच्या वर देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के आणि परदेशासाठी १५ टक्के मार्जिन लागतं. नमुना योजनेत ४ ते साडेसात लाखांच्या दरम्यान जामीनदार सांगितलेला आहे. केंद्राच्या पतहमी निधीची हमी घेऊन कर्ज दिलं असेल तर साडेसात लाखांपर्यंत तारणही नाही आणि जामीनदारही नाही. त्यापुढे मात्र बँक घर, फ्लॅट, ठेव असं काहीतरी तारण मागते.

गंमत अशी की जुनं आणि वाढीव मिळून जी बेरीज होते ती पाहिली जाते. शिक्षकाच्या मुलाचं कर्ज ६,०८,००० होतं. साडेसात लाखांपर्यंत जागा उरली १,४२,००० ची. त्यांनी पूर्ण ५,६३,००० मागितले असते तर राहतं घर तारण द्यावं लागलं असतं. त्यावर सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, स्टॅम्प ड्युटी, वकिलाची फी आलीच. शिवाय घर दोन भावांच्या नावावर. त्यांनी १,४२,००० च मागितले आणि तीन आठवड्यांत मिळाले. उरलेले ४,२१,००० चार वर्षांवर पसरले तर महिन्याला पावणेनऊ हजारांच्या आसपास येतात. पगारातून सहा हजार निघतील असं त्या माउलीने म्हणजे मुलाच्या आईने वहीत लिहून आणलं होतं. उरल्या तुटीसाठी वडिलांची शिक्षक पतसंस्था होती. घर मोकळं राहिलं.

हीच माणसं दोन्ही भावांच्या संमतीने घर तारण ठेवून पूर्ण रक्कम घेऊ शकली असती आणि पगार कमी असता तर मीच तसं सांगितलं असतं. साडेसात लाखांची रेष ओलांडू नका असं मी म्हणत नाही. ओलांडायची तर ५० हजारांसाठी ओलांडू नका.

शेतजमीन तारण ठेवून वाढवून मिळेल का? चार एकर बागायत आहे.

सातबारा घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणताना मला नेहमी वाईट वाटायचं. जमिनीची किंमत कर्जाच्या दहापट असते, तरी बँक मान हलवते. कारण कायद्यात आहे. कर्ज बुडालं तर बँक ज्या सरफेसी कायद्याखाली कोर्टात न जाता तारण ताब्यात घेते, तो कायदा शेतजमिनीला लागू नाही. त्यात बऱ्याचदा सातबाऱ्यावर विकास सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा आधीच असतो. काही बँका जादा तारण म्हणून शेतजमीन घेतात, मुख्य तारण म्हणून घेणारी शाखा क्वचितच सापडते. बिनशेती झालेला प्लॉट, फ्लॅट, गावठाणातलं पक्कं घर, मुदतठेव, एलआयसीची सरेंडर व्हॅल्यू असलेली पॉलिसी किंवा राष्ट्रीय बचतपत्र चालतं. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, पण मालकीचा जुना दस्त नसेल तर बँकेचा वकील अडतो. प्रॉपर्टी कार्ड निघालं असेल तर काम सोपं होतं.

एका बँकेचं कर्ज चालू असताना दुसऱ्या बँकेचं घेता येतं का?

त्याच कोर्ससाठी दोन बँकांची दोन शैक्षणिक कर्जं कुठलीच सरकारी बँक आनंदाने देत नाही. पहिल्या बँकेची ना-हरकत मागतात आणि पहिली बँक ती देत नाही, असं ते चक्र आहे. त्यापेक्षा संपूर्ण कर्जच दुसरीकडे नेणं सोपं. दुसरी बँक जुनं फेडते आणि वाढीव रकमेसह नवं खातं उघडते. वैयक्तिक, बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, त्यामुळे जुनी बँक त्यासाठी अडवू शकत नाही.

फक्त एक पाहा. जुन्या कर्जावर सरकारी व्याज अनुदान चालू असेल तर हलवताना ते तुटतं का, हे आधी लेखी विचारा.

क्रेडिला, अवान्से, ऑक्झिलो यांसारख्या खासगी वित्तसंस्था मुख्यतः शिक्षणकर्जावर चालतात. त्या लवकर निर्णय घेतात, वसतिगृहापासून विमानाच्या तिकिटापर्यंत सगळं धरतात आणि तारणाबाबत सैल असतात. त्याची किंमत व्याजदरात असते, आणि बऱ्याच वेळा शिकत असतानाच व्याजाचा निदान काही भाग दरमहा भरायला लावतात. सरकारी व्याज अनुदान तिथे धरून चालू नका. सरकारी बँकेने खरंच नाही म्हटल्यावरच तिकडे जावं, असं माझं मत. खासगीवाल्यांना ते पटत नाही, त्यांनी मला फोनवर सांगितलंय.

पीएम विद्यालक्ष्मी म्हणजे नेमकं काय? त्यात जास्त मिळतं का?

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना मंजूर केली. राष्ट्रीय क्रमवारीत वरच्या ठरलेल्या उच्च शिक्षण संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला असेल तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज. सुरुवातीला यादीत ८६० संस्था होत्या आणि ती क्रमवारीप्रमाणे दरवर्षी नव्याने ठरते. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकार ७५ टक्के हमी देतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिकण्याच्या आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात, ३ टक्के व्याज सवलत. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी त्या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं, ती योजना आधीपासूनची आहे.

म्हणून मंजुरीपत्र हातात आल्यावर पहिलं काम, तुमचं कॉलेज यादीत आहे का ते पोर्टलवर बघणं. असेल आणि तुमचं कर्ज साध्या योजनेतून झालं असेल तर शाखेत बदलाबाबत विचारा. मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश या योजनेत बसत नाही. आणि एक खाचखळगा आहे. ३ टक्के सवलत घेणाऱ्याला दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा शुल्कप्रतिपूर्ती चालत नाही. दोन्हींचा हिशोब मांडा. ६ लाखांवर ३ टक्के म्हणजे वर्षाला १८,०००. अर्धी फी माफ होत असेल तर ती वर्षाला ८०,००० ची असू शकते. कुठलं सोडायचं हे सांगायला माझी गरज नाही.

पण शिष्यवृत्ती म्हणजे कर्ज नव्हे. तिचा इथे काय संबंध?

पाच लाख कमी पडत असतील आणि त्यातले तीन लाख फी कमी झाल्याने सुटत असतील तर शोधायचे दोनच उरतात. आणि तीन लाख फेडायचे नाहीत. लोक कर्जासाठी दहा हेलपाटे घालतात, महाडीबीटीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांच्या, पोर्टलवर मात्र मुदत संपल्यावर जातात.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती: उत्पन्न ८ लाखांपर्यंत, प्रवेश कॅप फेरीतून (सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून), तर शिक्षण शुल्काचा अर्धा भाग. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झाला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अजूनही मुलीच्या फीसाठी कर्ज काढायला आलेले आणि हे माहीत नसलेले पालक मला भेटतात. राहण्याच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. त्यातून सगळा खर्च भागत नाही, पण मेसचं बिल निघतं.

अडचण वेळेची आहे. शिष्यवृत्तीची रक्कम कधी कधी पुढच्या शैक्षणिक वर्षात खात्यावर येते आणि तोवर कॉलेज पूर्ण फी मागतं. ही तूट तात्पुरती आहे. तिच्यासाठी दहा वर्षांचं कर्ज काढू नका. मंजुरी मिळालेला अर्ज दाखवून कॉलेजकडे हप्ते मागा, नाहीतर पुढे सांगितलेल्या छोट्या मुदतीच्या पैशांतून भागवा. उत्पन्नाचा दाखला मात्र मे महिन्यातच काढून ठेवा. जूनमध्ये सेतूच्या दारात उभं राहायचं असेल तर डबा बरोबर घ्या.

महामंडळांकडून काही मिळतं का?

मिळतं, पण प्रत्येकाचं दार वेगळं. इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे. कर्ज बँकेचंच, देशात १० लाख आणि परदेशात २० लाखांपर्यंत, आणि त्यावरचं १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज महामंडळ परत देतं. आधी तुम्ही भरायचं, मग परतावा. हप्ता थकला की परतावाही अडतो. अल्पसंख्याक समाजासाठी मौलाना आझाद महामंडळाची अल्प व्याजाची शैक्षणिक कर्ज योजना आहे आणि अनुसूचित जातींसाठी महात्मा फुले महामंडळ. निधी कधी असतो कधी नसतो. जिल्हा कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन ‘या वर्षीचं उद्दिष्ट शिल्लक आहे का’ एवढा एकच प्रश्न विचारा. फोनवर या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याचं मला आठवत नाही.

कर्जशिष्यवृत्ती हा काय प्रकार असतो?

ट्रस्टने दिलेलं, बिनव्याजी किंवा नाममात्र व्याजाचं कर्ज. गुणवत्तेवर, मुलाखत घेऊन मिळतं. मुंबईचं जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी उच्चशिक्षणासाठी हे देतंय. के. सी. महिंद्रा ट्रस्ट परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी, तर नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन पदव्युत्तर शिक्षणासाठी बिनव्याजी कर्जशिष्यवृत्ती देतं. वरचे पैसे शोधणाऱ्याला याहून चांगला मार्ग नाही, कारण बँकेच्या कर्जासोबत हे चालतं आणि मार्जिनची रक्कमही यातून दाखवता येते. पण अर्ज प्रवेशाच्या सहा-आठ महिने आधी सुरू होतात. ऑगस्टमध्ये विमान पकडणारा मुलगा जुलैत विचारायला येतो तेव्हा माझ्याकडे चहाशिवाय देण्यासारखं काही नसतं.

याशिवाय प्रत्येक ज्ञातीचं, गावाचं एखादं शिक्षण सहाय्यक मंडळ असतं, मुंबई-पुण्यात तर पुष्कळच. वीस-पंचवीस हजारांचं बिनव्याजी कर्ज, दोन सभासदांच्या सहीवर. एका सत्राची मेस त्यात निघते.

घरातल्याघरात पैसे उभे करायचे तर आधी कशाला हात लावायचा?

माझा क्रम असा. वडील किंवा आई नोकरीत असतील तर पगारदार पतसंस्था पहिली. शिक्षक पतपेढी असो की महापालिका कर्मचाऱ्यांची, सभासदाला आकस्मिक कर्ज आठवड्याभरात मिळतं, पगारातून कापलं जातं आणि वर्षअखेरीला लाभांश येतो तो वेगळा. मात्र दोन सहकारी जामीन लागतात आणि तुम्हीही त्यांना जामीन राहणार असता, हे विसरू नका.

दुसरं, पीपीएफ. तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात त्यावर कर्ज मिळतं, व्याज फक्त १ टक्का. सातव्या वर्षापासून थेट काही रक्कम काढता येते. नोकरीतल्या पीएफमधूनही मुलांच्या उच्च शिक्षणासाठी आगाऊ रक्कम मिळते, पण ती म्हातारपणाची भाकरी आहे, म्हणून मी तिला मागे ठेवतो. मग एलआयसी पॉलिसीवरचं कर्ज.

सोनं चौथं. सोनेतारण कर्ज तासाभरात होतं, म्हणूनच ते जपून. किमतीच्या साधारण तीन-चतुर्थांश रक्कम मिळते आणि एकरकमी फेडीचं कर्ज वर्षाच्या आत मिटवायचं असतं. शिष्यवृत्ती येईपर्यंतची तूट भरायला उत्तम. चार वर्षांच्या फीसाठी वाईट, कारण दरवर्षी व्याज भरून नूतनीकरण करता करता एका वर्षी जमत नाही आणि लिलावाची नोटीस येते. अशी नोटीस घेऊन आलेली एक बाई मी पाहिली आहे. पाटल्या तिच्या आईच्या होत्या. मुलाची शिष्यवृत्ती नंतर दीड महिन्याने जमा झाली.

भिशी लागत असेल तर अर्थातच आधी भिशी.

पर्सनल लोन पटकन मिळतंय. घेऊन टाकू?

३ लाखांचं उदाहरण घेऊ. पर्सनल लोन १५ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ७,१४० रुपयांच्या आसपास, आणि तो पुढच्याच महिन्यापासून. मुलगा अजून पहिल्या सत्रात. शैक्षणिक कर्जात तेच ३ लाख १० टक्क्यांनी घेतले तर कोर्स आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ताच नाही. या काळात सरळव्याज लागतं. पहिल्याच दिवशी सगळी रक्कम उचलली असं धरलं तरी पाच वर्षांत दीड लाख. मग साडेचार लाखांचे दहा वर्षांसाठी हप्ते पाडले तर महिन्याला ५,९५० च्या आसपास. एकूण रक्कम जास्त जाते हे खरं, पण ती कमावता मुलगा भरतो. पर्सनल लोनचा हप्ता घरखर्चातून जातो आणि वडिलांची कर्ज घेण्याची ताकद खातो. मग एन्हान्समेंटच्या वेळी बँक म्हणते, उत्पन्न पुरत नाही.

मोबाइल ॲपवरच्या कर्जाबद्दल: संस्था रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का ते पाहा आणि ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना ते देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे शुल्क धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. ‘महिना फक्त २ टक्के’ म्हणणाऱ्यांचा तो दर वाचून बघा. आणि कर्ज मंजूर करून देतो, आधी प्रक्रिया शुल्क या खात्यावर टाका, असं म्हणणारा माणूस फसवणारा असतो. अपवाद मला अजून दिसलेला नाही.

डोनेशनसाठी कर्ज मिळतं का?

नाही. महाराष्ट्रात डोनेशन म्हणजेच कॅपिटेशन फी घ्यायला १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, बिनपावतीच्या रकमेला कुठलीही बँक कर्ज देत नाही. मॅनेजमेंट कोट्याच्या अधिकृत, पावतीच्या फीसाठी काही बँका तारण घेऊन देतात. खासगी व्यावसायिक कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. कॉलेजने मागितलेला आकडा तिच्याशी ताडून पाहा.

परदेशात शिकताना मध्येच पैसे कमी पडले तर?

इथे तूट डॉलर पाडतो. कर्ज रुपयांत मंजूर असतं, फी डॉलरमध्ये असते. दुसऱ्या वर्षाचे ३०,००० डॉलर बाकी आहेत आणि डॉलर ८३ रुपयांवरून ८८ वर गेला, तर काहीही न बदलता दीड लाख कमी पडतात. म्हणून मंजुरी घेतानाच चढ्या दराने हिशोब मांडा. जास्तीची मंजुरी उचलली नाही तर तिच्यावर व्याज लागत नाही.

बँकेत नाहीच जमलं तर प्रॉडिजी फायनान्स, एमपॉवर अशा परदेशी संस्था आहेत. त्या सहकर्जदाराशिवाय ठरावीक विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना परकीय चलनात कर्ज देतात. तारण नाही, म्हणून दर चढा. आणि नोकरी भारतात लागली तर डॉलरचं कर्ज रुपयांच्या पगारातून फेडावं लागतं. त्याआधी विद्यापीठाच्या आर्थिक सहाय्य कार्यालयाला एक ईमेल करा. फीचे हप्ते, कॅम्पसवरची कामं, अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठीचा निधी असं काहीतरी तिथे असतं. आपली मुलं लाजेपोटी विचारत नाहीत.

मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या फीवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते तो कर, लागत नाही. मामाने प्रेमाने स्वतःच्या खात्यातून पाठवलेल्या मोठ्या रकमेवर मर्यादेपुढे तो लागू शकतो. मामाचे पैसे इथल्या खर्चाला वापरा आणि फी कर्जातून पाठवा.

वडिलांचा सिबिल खराब आहे.

सहकर्जदार बदलता येतो. आई, भाऊ, विवाहित विद्यार्थ्याचा जोडीदार किंवा सासरे चालतात, उत्पन्नाचा पुरावा हवा. सिबिलचा अहवाल आधी स्वतः काढून वाचा. कित्येकदा फेडलेलं कर्ज ‘चालू’ दिसत असतं आणि जुन्या बँकेच्या बेबाकी दाखल्याने ते दुरुस्त होतं. ‘सेटलमेंट’ केलेलं, म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेलं कर्ज मात्र डाग म्हणून राहतं.

शिकत असतानाच व्याज भरावं का?

जमत असेल तर जरूर. ३ लाखांवर १० टक्क्यांनी महिन्याला अडीच हजार. बऱ्याच बँका या काळात व्याज भरत राहिल्यास दरात १ टक्का सूट देतात आणि मुलींना अनेक ठिकाणी अर्धा टक्का वेगळी. वाढीव कर्ज मागायला गेल्यावर हाच खातेउतारा तुमची शिफारस करतो.

आयकरात काय मिळतं?

कलम ८०ई खाली व्याजाची पूर्ण वजावट, कमाल आठ वर्षं, जुन्या करप्रणालीतच. पतसंस्था, पर्सनल लोन आणि नातेवाइकांकडून घेतलेल्या पैशांवरच्या व्याजाला ती धरून चालू नका.

शाखेतले साहेब तोंडीच ‘होणार नाही’ म्हणतात. पुढे काय?

माझ्याच पुतण्याच्या वेळी एका शाखेत हेच झालं. ‘तुम्ही आमच्या हद्दीत राहत नाही’ असं ऐकवलं. हद्दीच्या कारणाने शैक्षणिक कर्ज नाकारायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच कळवलेलं आहे. मी तिथे माझी ओळख सांगितली नाही. अर्ज दोन प्रतींत दिला, एका प्रतीवर आवक शिक्का मागितला. शिक्का द्यायला दहा मिनिटं लागली, कारण तो कपाटात होता. शिक्का पडल्यावर तोंडी नकार लेखी द्यावा लागतो, आणि शैक्षणिक कर्जाचा नकार वरच्या अधिकाऱ्याच्या संमतीने द्यायचा असतो. तो वर पाठवण्याऐवजी फाइल पुढे सरकवणं बहुतेकांना सोपं वाटतं.

ऑनलाइन अर्ज असेल तर अर्ज क्रमांक हाच तुमचा शिक्का. तरीही हललं नाही तर बँकेच्या विभागीय कार्यालयाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, विनाशुल्क तक्रार करता येते. पुतण्याच्या बाबतीत तेवढी वेळ आली नाही. अठराव्या दिवशी शाखेतून फोन आला, मूळ गुणपत्रिका घेऊन या.